वाकळ (सोलापूर भाग)

वाकळ म्हणजे जुनी लुगडी, धोतरं थरावर थर घालून हातानं धावदोरा मारत शिवलेलं जाड अंथरूण किंवा पांघरूण. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तीच, पण सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडं वाकळ हाच शब्द जास्त चालतो. आजकाल सस्टेनेबल वॉर्डरोब म्हणून जे चाललंय, म्हणजे कमी घ्या, टिकाऊ घ्या, शेवटपर्यंत वापरा, त्यातला ‘शेवट’ इकडं वाकळेत व्हायचा.

शब्द बहुतेक संस्कृत वल्कल, प्राकृत वक्कल या वाटेनं आला असावा. ध्वनी तर चोख बसतात, जोडाक्षर सुटलं की आधीचा स्वर लांबतो (सप्तचं सात, कर्णचं कान झालं तसं) आणि दोन स्वरांमधल्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होतो. अडचण आहे ती अर्थाची, झाडाच्या सालीचं वस्त्र कुठं आणि चिंध्यांचं पांघरूण कुठं, शिवाय ठिगळांच्या वस्त्राला संस्कृतात कंथा हा वेगळा शब्द होताच. पण मधे ‘बैराग्याचं जाडंभरडं वस्त्र’ हा अर्थ धरला की जुळतं. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणायचे ते अंगावरच्या ठिगळांच्या कपड्यांमुळंच, म्हणजे चिंध्या आणि वैराग्य ही जोडी लोकांच्या बोलण्यात होतीच, त्यामुळं वल्कलाचीच बाजू जड वाटते. सोलापुरात भाषा अनेक, तेव्हा कानडी घरात हीच कौदी होते आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली (विणकर समाजाच्या) घरात बोंता. कौदी आणि गोधडी ऐकायला जवळचे वाटतात म्हणून एकातून दुसरा काढायचा मोह होतो, पण नुसत्या आवाजावरून सोयरीक जमवू नये. वाकळ वापरून वापरून विरते, फार जुनी हाती लागत नाही, त्यामुळं तिचा काळ वस्तूवरून नाही तर शब्दावरूनच अंदाजानं धरायचा.

वाकळ व्हायच्या आधी कपड्याला बऱ्याच पायऱ्या असायच्या. नऊवारी लुगडं बसण्याउठण्यानं मधेच विरतं, तेव्हा तो विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडची चांगली टोकं जोडायची, या जोडाला दंड म्हणतात, दंड घातलेलं लुगडं आणखी वर्षभर सहज निघायचं (गरिबीची खूण म्हणून ते लपवायचेही). धड कपडे, जरीच्या साड्या बोहारणीला देऊन भांडं घ्यायचं, आणि ती ज्याला नाक मुरडते ते विटकं मऊ सुती कापड वाकळेला. इरकली लुगडं असेल तर पदर रेशमी आणि अंग सुती, म्हणून अंग वाकळेच्या पाठीला आणि लाल पदराची पट्टी काठाला, अशी वाकळ उलटी करून बघितली की घरातल्या कुठल्या बाईचं कुठलं लुगडं ते ओळखू येतं. टाके काठापासून सुरू होतात आणि चौकोनात आत आत जात मधे संपतात, त्यामुळं आतले तुकडे सरकत नाहीत. तान्ह्या बाळासाठी छोटी केली की ते दुपटं.

सोलापुरात सुती कापडाला तोटा नव्हता. हातमाग आधीपासूनच होते, १८७० च्या दशकात ‘जुनी मिल’ या नावानं ओळखली जाणारी कापड गिरणी निघाली, मागोमाग बाकीच्या मिला, पुढं पॉवरलूम, जॅकार्डवरची (नक्षी विणणाऱ्या मागावरची) सोलापुरी चादर तर भौगोलिक मानांकन घेऊन बसलीय, आणि कापडबाजाराची चाटी गल्ली आहे ती चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी या जुन्या शब्दावरून. मिला एकेक करून बंद पडल्या. गंमत म्हणजे गावची नवी चादर जगभर गेली तरी उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला वाकळच लागायची.

आता अडतं ते कापडात. एक सुती शर्ट व्हायला सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो, म्हणून सुती कमी घ्या असं कुणी सुचवतं, पण पॉलिएस्टरची साडी वाकळेला चालत नाही, ती घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि टाका ओढला की चुण्या पडतात. त्यामुळं कपाटात काय घेतलं यावरच पुढं काय शिवता येईल ते ठरतं.

धुताना वाकळ एकट्याला पिळवत नाही, दोघांनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ द्यायचा आणि दोन दिवस कडक उन्हात टाकायची.