पॅन्टचा नंबर वेगळा, पोटाचा घेर वेगळा

आमच्या जळगाव-धुळ्याकडे कोणाला म्हटलं ना की पोट जरा वाढलंय, लक्ष द्या, तर उत्तर ठरलेलं, "मनी कंबर तं तितलीच शे भो, अजून ३४ नीच पॅन्ट घालस." आणि माणूस खोटं बोलत नसतो, पॅन्ट खरंच ३४ ची असते. पण तब्येतीसाठी जी कंबर मोजतात ती ही नाहीच, आणि या घोळात चांगली चांगली माणसं गाफील राहतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पॅन्ट बसते कुठे ते बघा. पोट सुटायला लागलं की ते पुढे येतं आणि खाली उतरतं, पॅन्ट हळूहळू त्याच्या खाली सरकते आणि शेवटी पट्टा पार पोटाखाली, कमरेच्या हाडांच्या आधाराने बांधला जातो. तिथे हाडच जास्त, त्यामुळे तिथला घेर पोटाइतका वाढत नाही, मग नंबर तोच राहतो आणि आपण खूश. वरून रेडिमेड पॅन्टवर ३४ लिहिलेलं असलं तरी टेप लावून बघा, बऱ्याचदा ती त्यापेक्षा मोठी निघते, कंपन्या ढिलं माप ठेवतात, त्यात आता सगळीकडे स्ट्रेचचं कापड. टेलरकडे शिवली तरी तेच, तो बिचारा तुम्ही जिथे पॅन्ट घालता तिथेच टेप लावणार, मागे मार्जिन ठेवणार आणि दोन वर्षांनी तुम्ही "दादा, जरा ढिली करून द्या" म्हटलं की उसवून देणार.

बायकांचं तर अजून अवघड, परकराला नाडी, लेगिंगला इलॅस्टिक, म्हणजे नंबर नावाची गोष्टच नाही, घेर किती वाढला ते कळणार कुठून?

आता पोटाचा घेर. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी की बाजूने बोटांनी चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधायची, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधायची, आणि या दोन्हींच्या बरोबर मधे टेप लावायचा. बऱ्याच जणांची ही जागा बेंबीच्या आसपास येते पण सुटलेल्या पोटात बेंबी खाली गेलेली असते म्हणून हाडं धरूनच मोजा. टेप टेलरचा घ्या, सुताराचा स्टीलचा नको, आणि कापडी टेप जुना असेल तर ताणलेला असतो, तो पण नको. शर्ट वर करून, पाय जवळ ठेवून, सरळ उभं राहायचं, टेप पाठीमागे खाली लोंबत नाही ना हे दुसऱ्या कोणालातरी बघायला सांगा, आवळायचा नाही, आणि नेहमीसारखा श्वास सोडला की आकडा वाचायचा. पोट आत ओढून मोजलं तर ते माप टेपचं झालं, तुमचं नाही! वरण-बट्टीच्या पंगतीवरून उठून मोजू नका, सकाळी उपाशीपोटी मोजा.

असं मोजलं की ३४ ची पॅन्ट घालणाऱ्याचं पोट ३८-३९ इंच निघू शकतं. आणि भारतीय लोकांसाठी धोक्याची रेघ आहे पुरुषांना ९० सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, बायकांना ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस. इंटरनेटवर ४० इंच आणि ३५ इंच दिसतं ते अमेरिकेतलं माप, ते बघून निवांत बसू नका. अजून एक सोपा हिशोब, घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच उंची असेल तर ३३ च्या आत. गरोदरपणात हे माप लागू नाही, आणि लहान मुलांचे आकडे वेगळे.

आपली रेघ एवढी खाली का? कारण आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे अशी अंगकाठी फार. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मधे स्वतःचीच तुलना छापली होती, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. म्हणजे वजन-उंचीचा हिशोब दोघांना एकच उत्तर देतो, आतली चरबी त्यात दिसत नाही. पोटाच्या आत, लिव्हर-आतड्यांभोवती जी चरबी साठते ती कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त त्रासाची, तिच्यातून सुटलेले फॅटी ॲसिड (चरबीचे सुटे घटक) थेट लिव्हरकडे जातात, साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं काम बिघडतं, मग शुगर, बीपी, फॅटी लिव्हर. माझ्या मते आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या माणसाला शुगर निघाली की घरचे जे चकित होतात, "तो तं वायेल (वाळलेला) शे, त्याले कशी शुगर?", त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

घेर रेघेच्या वर निघाला म्हणजे आजार झालाच असं नाही, पण मग उपाशीपोटीची शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासून घ्या, आणि डॉक्टरांना पॅन्टचा नंबर न सांगता हा घेर सांगा. नंतर दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच टेपने.