मूल, कुत्रा आणि बागेतली माती: घोळ जुन्या विष्ठेचा

घरात कुत्रा आहे आणि मूल रांगायला लागलंय, एवढं कळलं की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. काहींच्या मते कुत्रा लगेच कुणाला तरी देऊन टाकावा. काहींच्या मते माती खाल्ल्यानेच पोरं टणक होतात. पण बागेचं खरं नुकसान करतो तो तिसराच समज: शेण खत म्हणून चालतं, मग कुत्र्याची विष्ठा का नाही? झाडाच्या आळ्यात ढकलायची, वर चार खुरपी माती ओढायची, झालं खत.

यातली चूक समजण्यासाठी एका जंताची ओळख करून घ्यावी लागेल. कुत्र्याच्या लहान आतड्यात राहणारा हा गोलकृमी, टॉक्सोकारा कॅनिस. मादी 18 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते. अंडं साधारण 80 मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा बारावा भाग. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. आणि गंमत अशी, की विष्ठेबरोबर बाहेर पडलेलं ताजं अंडं कुणालाही बाधत नाही. त्यात फक्त एक पेशी असते. ते गिळलं तरी पचनमार्गातून तसंच निघून जातं.

बाधक होण्यासाठी त्याला मातीत वेळ काढावा लागतो. ऊब, ओल आणि हवा मिळाली की पेशीचं विभाजन सुरू होतं, अळी तयार होते आणि कवचाच्या आतच कात टाकत तिसऱ्या अवस्थेला पोचते. याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. उबदार, दमट मातीत काम लवकर उरकतं. तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की वाढ जवळजवळ थांबते, पण अंडं मरत नाही, ऊब परत येण्याची वाट बघत पडून राहतं. ओलसर, सावलीच्या मातीत अशी अंडी काही वर्षंही तग धरतात. थोडक्यात, ताजी विष्ठा घाण असते आणि जुनी, दिसेनाशी झालेली विष्ठा धोक्याची. (ताजी निर्धोक असते असं मात्र नव्हे. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या सूक्ष्मजीवांना पिकायला वेळ लागत नाही.)

आळ्यात पुरलेल्या विष्ठेचं काय होतं, ते आता लक्षात येईल. अंड्यांना हवी तशी ओल, सावली आणि भुसभुशीत, हवेशीर माती आपण हौसेने पुरवतो, वर रोज पाणीही घालतो. विष्ठा महिन्याभरात विरघळून जाते, अंडी राहतात. घरगुती कंपोस्टचा ढीगही कामाचा नाही. ही अंडी मारायला सगळ्या ढिगाचं तापमान 55 अंशांवर सलग काही दिवस टिकावं लागतं, आणि घरच्या छोट्या ढिगाच्या कडा तेवढ्या कधी तापतच नाहीत.

हे अंडं इतकं चिवट कशाने, हे बघण्यासारखं आहे. कवचाला थर असतात. बाहेरचा प्रथिनांचा, खळगे पडलेला आणि चिकट. मधला कायटिनचा, तो ताकद देतो. आणि सगळ्यांत आत मेदाचा पातळ थर, जो जवळपास कुठलंच रसायन आत शिरू देत नाही. फिनाइल, चुना, अल्कोहोलचं सॅनिटायझर, सगळे इथे हात टेकतात. ब्लीचने बाहेरचा चिकट थर सुटतो, त्यामुळे फरशीवरची अंडी धुऊन निघतात, पण मरत नाहीत. त्यांना मारते ती उष्णता: उकळतं पाणी, वाफ. कडक उन्हात पूर्ण कोरडी पडली तरीही ती मरतात. ‘नैसर्गिक जंतुनाशक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बागेच्या फवाऱ्यांवर पैसे घालवण्याआधी हे तीन थर आठवावेत.

कुत्र्याच्या शरीरात पुढे काय घडतं, ते याहून चमत्कारिक आहे. लहान पिल्लाच्या पोटात पिकलेलं अंडं गेलं की आतड्यात अळी बाहेर पडते, रक्तातून यकृतात, तिथून फुप्फुसांत आणि श्वासनलिकेतून वर घशात येते. पिल्लू खोकतं, गिळतं, आणि अळी पुन्हा आतड्यात उतरून प्रौढ होते. मोठ्या कुत्र्यात मात्र बहुतेक अळ्या हा फेरा पुरा करत नाहीत. त्या स्नायूंत आणि इतर अवयवांत निद्रिस्त पडून राहतात. कुत्री गाभण राहिली की गर्भारपणाच्या साधारण सहाव्या आठवड्यानंतर त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांमध्ये शिरतात. काही पुढे दुधातून जातात. म्हणजे स्वच्छ घरात, स्वच्छ दिसणाऱ्या आईपोटी जन्मलेलं पिल्लूही जंत घेऊनच आलेलं असू शकतं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या विष्ठेत अंडी दिसू लागतात.

जंतांच्या औषधाचं वेळापत्रक यावरूनच ठरलं आहे. पहिला डोस दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे जंत अंडी घालण्याइतके मोठे होण्याआधी. मग दर 15 दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, कारण दुधातून नवीन अळ्या येतच असतात. पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा आणि नंतर निदान दर तीन महिन्यांनी. पिल्लांबरोबर आईलाही द्यायचं, ती पिल्लांना चाटून साफ करते. पायरँटेल किंवा फेनबेंडाझोल ही नेहमीची औषधं. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्याकडूनच घ्यावी. नेहमीच्या डोसाने आतड्यातले जंत पडतात, स्नायूंत झोपलेल्या अळ्यांना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. ‘एकदा औषध दिलं, आता काळजी नाही’ हे म्हणूनच खरं नाही.

माणसाच्या पोटात गेलेल्या अळीला आपण चुकीच्या प्राण्यात आलो आहोत हे कळत नाही. ती आतड्याची भिंत भेदून निघते, यकृत, फुप्फुसं, क्वचित डोळा किंवा मेंदू गाठते, पण प्रौढ कधीच होत नाही. बहुतेक मुलांना काही जाणवतही नाही. अळ्या पुष्कळ असतील तर ताप, खोकला, यकृताला सूज येते आणि रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. डोळ्यात एकच अळी गेली तरी पडद्याला इजा होऊन नजर जाऊ शकते. 1950 मध्ये हेलेनॉर वाइल्डर यांनी, बहुतांशी कर्करोगाच्या संशयाने काढलेले मुलांचे 46 डोळे तपासले, तेव्हा 24 डोळ्यांत गोलकृमीच्या अळ्या किंवा त्यांचे अवशेष सापडले. दोन वर्षांनी पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी यकृत सुजलेल्या लहान मुलांमधल्या भटक्या अळ्यांचा संबंध टॉक्सोकाराशी जोडला.

जंत माणसात प्रौढ होत नाही, म्हणून मुलाच्या शौचात त्याची अंडीही नसतात. शौचाची तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून निश्चिंत होणं चूक आहे. रक्तातल्या प्रतिपिंडांची एलायझा तपासणी करावी लागते. माती खाण्याची सवय, वाढलेले इओसिनोफिल आणि घरात पिल्लू, असा योग असेल तर डॉक्टरांना हे तिन्ही सांगावं. एका मुलाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही.

मग बागेत करायचं काय? विष्ठा रोज उचलायची, आठवड्यातून एकदा नाही. अंड्यांना निदान आठवडाभर तरी लागतोच, त्यामुळे रोज उचललं तर ती मातीत पिकण्याआधीच बाहेर जातात. पातळ शी असेल तर खालची 2-3 सेंटिमीटर मातीही खुरप्याने काढायची. सगळं पिशवीत, गाठ मारून कचऱ्यात. कुत्र्याला एक कोपरा ठरवून द्यावा, साधारण 2 मीटर बाय 2 मीटर, त्यात 15 सेंटिमीटर गोल, बारीक खडी. टोकदार खडी पंजांना टोचते आणि कुत्रा ती जागा सोडून देतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दर वेळी पट्टा लावून तिथेच न्यायचं, काम झालं की लगेच खाऊ. जुनी विष्ठा बरीच साचलेली जागा असेल, तर वरची 10 सेंटिमीटर माती काढून टाकावी किंवा तिथे दाट हिरवळ लावावी. उघड्या मातीतच मुलांचे हात जास्त भरतात.

वाळूचा हौद अर्धा दिवस ऊन लागेल असा, तळाला पाण्याचा निचरा ठेवून करावा. खेळून झालं की झाकायचा, कारण मांजरांना वाळू कुत्र्यांपेक्षा जास्त आवडते आणि त्यांचा टॉक्सोकारा कॅटी हाच उद्योग करतो. झाकायला प्लास्टिकचा कागद नको, खाली ओल धरून राहते. चौकटीवर ताणलेली जाळी बरी. वाळू वर्षातून एकदा बदलावी.

हात साबणाने चोळून धुवायचे, नखं कापलेली हवीत. साबण अंडं मारत नाही, पण घासण्याने ते सुटतं. सॅनिटायझरने यातलं काहीच होत नाही.

कुत्र्याचाच दुसरा जंत, अंकुशकृमी, हे वेगळं प्रकरण. त्याची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात अळ्या मातीतूनच थेट अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. लाल, नागमोडी, भयंकर खाजणारी रेघ दिसली की हेच समजावं. इथेही उपाय तोच, फक्त घाई जास्त.

विषारी झाडांबद्दल थोडक्यात: कण्हेर (पिवळीसुद्धा), एरंड आणि सायकस मुलं-कुत्री असलेल्या बागेत नकोतच. सायकसच्या बिया कुत्रे आवडीने चघळतात आणि यकृत निकामी होतं. एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा एकत्र केलेलं खत तर कुत्र्याला मेजवानीच वाटते. गोगलगाई मारायच्या, मेटाल्डिहाइड हे विष असलेल्या गोळ्याही बाद.

राहता राहिले हिरवळीवरचे पिवळे डाग. ते मूत्राच्या आम्लतेमुळे पडत नाहीत, त्यामुळे कुत्र्याच्या पाण्यात सोडा किंवा टोमॅटोचा रस घालून काही साधत नाही, उलट मूत्राचं रसायन बिघडून खडे व्हायची भीती. दोष जादा नायट्रोजन आणि क्षारांचा आहे. मधलं गवत करपतं आणि डागाच्या कडेला, जिथे तोच नायट्रोजन विरळ पोचतो, गवत गडद हिरवं तरारतं. कुत्री बसून एकाच जागी सगळं सोडते म्हणून तिचे डाग ठळक, एवढंच. ओलं असतानाच त्या जागी तिप्पट-चौपट पाणी ओतावं. डाग पडून गेला असेल तर मेलेलं गवत दाताळ्याने काढून, जागा दोन-तीनदा भरपूर पाण्याने निथळू द्यावी आणि मगच नवीन बी पेरावं. डाग असलेल्या हिरवळीला वरून युरिया घालू नये.