ब्रिटनमधील करमुक्त बचत खाते (कॅश आयसा): पात्रता, कागदपत्रे आणि खात्याची निवड

नोकरी, व्यवसाय किंवा शिक्षणानिमित्त ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना मार्च उजाडला की बँकांकडून ‘कॅश आयसा’ उघडण्याविषयी सूचना येऊ लागतात, कारण तेथील करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढील ५ एप्रिलला संपते आणि या खात्यात पैसे भरण्याची त्या वर्षाची न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षात नेता येत नाही. आयसा ही १९९९ मध्ये सुरू झालेली वैयक्तिक बचतीची योजना आहे. तिच्यातील रोख बचतीच्या प्रकाराला कॅश आयसा म्हणतात. या खात्यावरील व्याजावर ब्रिटनमध्ये आयकर लागत नाही आणि ते व्याज आयकर विवरणपत्रात दाखवावेही लागत नाही.

असे असले तरी हे खाते प्रत्येकाला लगेच उपयोगी पडतेच असे नाही. ब्रिटनमध्ये साध्या बचत खात्यावरील व्याजालाही काही प्रमाणात सूट असते: २० टक्के दराने कर भरणाऱ्यास वर्षाला १,००० पौंडांपर्यंतचे, तर ४० टक्के दराने भरणाऱ्यास ५०० पौंडांपर्यंतचे व्याज करमुक्त मिळते आणि ४५ टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीस ही सूट मुळीच मिळत नाही. व्याजदर ४ टक्के धरला, तर पहिल्या गटातील व्यक्तीची सूट संपण्यासाठी सुमारे २५,००० पौंडांची आणि दुसऱ्या गटातील व्यक्तीची सूट संपण्यासाठी १२,५०० पौंडांची बचत लागेल.

मराठी वाचकाने येथे आणखी एक गोष्ट हिशेबात धरली पाहिजे. भारतातील एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यावरील व्याज भारतात करमुक्त असले, तरी ब्रिटनचा कर-निवासी असलेल्या व्यक्तीला ते ब्रिटनमध्ये साधारणपणे करपात्र ठरते. (सलग दहा वर्षे ब्रिटनबाहेर राहून नव्याने आलेल्यांना परदेशी उत्पन्नावर पहिल्या चार वर्षांसाठी सवलत मागता येते, मात्र ती घेतल्यास त्या वर्षाची वैयक्तिक करमुक्त उत्पन्नमर्यादा सोडावी लागते.) म्हणजे पुण्यातील किंवा नाशिकमधील बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीचे व्याजच वर नमूद केलेली सूट खाऊन टाकते आणि ब्रिटनमधील थोड्याशा बचतीवरही कर लागू लागतो. अशा कुटुंबांना कॅश आयसाची गरज इतरांपेक्षा लवकर भासते. ही बाब बँकेच्या जाहिरातीत कधीच लिहिलेली नसते. सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात व्याजावरील कराचे दर एप्रिल २०२७ पासून २ टक्क्यांनी वाढवून २२, ४२ आणि ४७ टक्के करण्याचे जाहीर केले असल्याने हा हिशेब तेव्हा पुन्हा मांडावा लागेल.

पात्रता आणि वार्षिक मर्यादा

अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे आणि तो करासाठी ब्रिटनचा निवासी असावा. परदेशी नेमणुकीवर असलेले ब्रिटिश सरकारी कर्मचारी आणि त्यांचे जोडीदार यांना निवासाच्या अटीतून सूट आहे. आयसाच्या नियमांत ब्रिटिश नागरिकत्वाची किंवा कायम वास्तव्याच्या परवान्याची अट नाही, त्यामुळे कामाच्या व्हिसावर असलेली व्यक्तीही अर्ज करू शकते. एखादी बँक स्वतःच्या वेगळ्या अटी घालते का, एवढे मात्र पाहावे. खाते एकाच व्यक्तीच्या नावावर असते. पती-पत्नींना संयुक्त खाते उघडता येत नसले, तरी दोघांची मर्यादा स्वतंत्र असते.

सर्व प्रकारच्या आयसा खात्यांत मिळून एका करवर्षात २०,००० पौंड भरता येतात, आणि खात्यात जमा होणारे व्याज या मर्यादेत धरले जात नाही. ६ एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालील व्यक्तींना यातील जास्तीत जास्त १२,००० पौंडच रोख प्रकारात ठेवता येतील, असेही सरकारने जाहीर केले आहे. ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी जुनी मर्यादा कायम राहील. एप्रिल २०२४ पासून एकाच वर्षात एकापेक्षा अधिक कॅश आयसा उघडून त्यांत पैसे भरण्यास परवानगी आहे. एकूण रकमेचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी खातेदाराची असते, कारण एका बँकेला दुसऱ्या बँकेत किती भरले हे दिसत नाही.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरता येतो. पूर्ण नाव, जन्मतारीख, ब्रिटनमधील पत्ता आणि नॅशनल इन्शुरन्स (ब्रिटनमधील सामाजिक विमा) क्रमांक ही माहिती द्यावी लागते. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा ब्रिटिश वाहन परवाना आणि पत्त्यासाठी काउन्सिल टॅक्सचे (स्थानिक घरकराचे) बिल किंवा बँकेचे विवरणपत्र मागितले जाऊ शकते. पैसे पाठवण्यासाठी आणि परत घेण्यासाठी स्वतःच्या नावाचे चालू खाते जोडावे लागते. शेवटी एक घोषणापत्र असते, ज्यात आपण वयाची व निवासाची अट पूर्ण करतो आणि वार्षिक मर्यादा ओलांडणार नाही, असे लिहून द्यावे लागते. हे घोषणापत्र न वाचता पुढे जाण्याची सवय सोडावी, कारण पुढे देश सोडताना त्यातील निवासाचे कलमच महत्त्वाचे ठरते.

खात्यांची तुलना

तुलना करताना अनेकजण केवळ व्याजदराचा आकडा पाहतात. तो पाहावाच, पण ‘एईआर’ म्हणून दिलेला, चक्रवाढ धरून काढलेला वार्षिक दर पाहावा आणि त्यात पहिल्या वर्षापुरता वाढीव बोनस मिसळला आहे का, याची चौकशी करावी. बोनस संपला की अशा खात्याचा दर बराच खाली येतो. साध्या बचत खात्याशी तुलना कर वजा करून करावी. समजा, साधे खाते ४.५ टक्के आणि आयसा ४.१ टक्के व्याज देते. व्याजाची सूट संपलेल्या आणि ४० टक्के कर भरणाऱ्या व्यक्तीच्या हाती साध्या खात्यातून २.७ टक्केच येतील, म्हणून तिला आयसा निःसंशय फायद्याचे आहे. ज्याची सूट अजून शिल्लक आहे, त्याच्यासाठी साधे खातेच सरस ठरते.

माझ्या मते दराइतकेच महत्त्व पैसे काढण्याच्या अटींना द्यावे. काही आयसा ‘फ्लेक्सिबल’ असतात: काढलेली रक्कम त्याच करवर्षात परत भरली, तर ती मर्यादेत दुसऱ्यांदा मोजली जात नाही. समजा, वर्षाचे २०,००० पौंड भरून झाल्यावर गावी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी ३,००० पौंड काढावे लागले. फ्लेक्सिबल खात्यात ती रक्कम ५ एप्रिलपूर्वी पुन्हा भरता येईल, इतर खात्यांत त्या वर्षापुरती ती जागा गेली. ही सोय देणे बँकांवर बंधनकारक नसल्यामुळे अर्जापूर्वी अटींत तो शब्द शोधावा. ठरावीक मुदतीच्या आयसामध्ये दर निश्चित राहतो, पण मुदतीआधी पैसे काढल्यास काही महिन्यांच्या व्याजाची कपात होते.

सुरक्षिततेच्या बाबतीत, १ डिसेंबर २०२५ पासून एका परवानाधारक बँकेत प्रत्येक व्यक्तीच्या १,२०,००० पौंडांपर्यंतच्या ठेवींना ठेवसंरक्षण योजनेचे कवच आहे. दोन वेगळ्या नावांच्या बँका एकाच परवान्याखाली असू शकतात, जसे हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड; अशा वेळी दोन्हींकडील रक्कम मिळून एकच मर्यादा लागू होते.

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत

अधिक दर मिळाला म्हणून जुन्या आयसामधील पैसे स्वतः काढून नव्या खात्यात भरू नयेत, कारण तसे केल्यास त्या रकमेचा करमुक्त दर्जा संपतो आणि ती नव्याने भरलेली रक्कम म्हणून चालू वर्षाच्या मर्यादेत मोजली जाते. नव्या बँकेकडे हस्तांतरणाचा अर्ज भरावा. पुढील काम दोन्ही बँका करतात आणि कॅश आयसामधून कॅश आयसात जाण्यास १५ कामकाजाच्या दिवसांहून अधिक वेळ लागू नये, असा नियम आहे. मागील वर्षांची रक्कम हस्तांतरित केल्याने चालू वर्षाची मर्यादा कमी होत नाही. सर्वच बँका बाहेरून येणारी रक्कम स्वीकारत नाहीत, हे अर्जापूर्वी तपासावे.

भारतात परतताना

ब्रिटनचे कर-निवासित्व संपल्याचे बँकेला कळवावे लागते आणि ज्या करवर्षात देश सोडला ते संपल्यावर खात्यात नवीन पैसे भरता येत नाहीत. खाते बंद करण्याची सक्ती नसते आणि त्यावरील ब्रिटनमधील करसवलतही टिकते. भारताच्या आयकर कायद्यात मात्र आयसाला कोणतीही सूट नाही. परतल्यानंतर ‘निवासी परंतु सामान्य निवासी नाही’ हा भारतीय करकायद्यातील मधला दर्जा असेपर्यंत, म्हणजे दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांच्या बाबतीत सहसा दोन-तीन वर्षे, हे व्याज भारतात करपात्र नसते. तो दर्जा संपला की व्याज नेहमीच्या दराने करपात्र होते, खाते विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते, आणि ब्रिटनमध्ये कर भरलेलाच नसल्यामुळे दुहेरी करआकारणी करारान्वये वजावट मागण्यासारखे काही उरत नाही. म्हणून परतण्याचा विचार असलेल्यांनी मुदतीचे आयसा निवडताना मुदत त्या दोन-तीन वर्षांच्या आत संपेल असे पाहावे, आणि संबंधित बँक भारतातील पत्ता व भारतीय मोबाइल क्रमांक नोंदवून घेते की नाही, हे ब्रिटनमधील सिमकार्ड बंद करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.