खुडल्यानंतरचे आयुष्य

वेलीवरून काढलेली काकडी किंवा फांदीवरून कापलेला गुलाब आपल्या लेखी झाडापासून तुटलेला असतो. त्यातील पेशींना मात्र याची खबर नसते. त्या प्राणवायू घेत राहतात, साठवलेली साखर जाळत राहतात, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर टाकतात आणि सालीवाटे किंवा पाकळ्यांवाटे पाणीही गमावत राहतात. मुळांकडून येणारे पाणी आणि पानांकडून येणारी साखर आता बंद झाल्यामुळे उरलेले दिवस शिलकीवर काढायचे असतात आणि ही शिल्लक किती वेगाने संपेल हे प्रामुख्याने तापमानावर ठरते. साधारणपणे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. घरच्या बागेतील फुले आणि भाजीपाला या दोहोंच्या बाबतीत याच एका वस्तुस्थितीशी गाठ असते, फक्त हेतू उलटे असतात. फुलदाणीतील फुलाचे आयुष्य लांबवायचे असते, तर साठवणीच्या भाजीचे आयुष्य योग्य वेळी थांबवायचे असते आणि तिच्यावर टपलेल्या सूक्ष्मजीवांचेही.

खुडण्याचा परिणाम झाडावरही होतो, आणि तो बहुधा आपल्या फायद्याचा असतो. झेंडू, झिनिया, पिटुनिया यांसारख्या एका हंगामात जीवनक्रम पुरा करणाऱ्या झाडांवर फुले सुकून बी धरू लागले की त्या बिया झाडातील साखरेचा मोठा वाटा ओढून घेतात आणि त्यांच्याकडून निघणारे संप्रेरकांचे संदेश नव्या कळ्यांची वाढ मंदावतात. फुले वेळच्या वेळी कापली, तर झाड पुन्हा कळ्यांकडे वळते. फरसबी, भेंडी आणि काकडी यांनाही हेच लागू पडते. पानाआड राहून गेलेली एखादी काकडी पिवळी पडेपर्यंत वेलीवरच राहिली, तर पुढची फळधारणा लक्षात येण्याइतकी कमी होते. फुले तोडायला हात धजावत नसेल, तर तो संकोच निदान या झाडांपुरता तरी अनाठायी आहे. भोपळ्यासारख्या वेलींवर मात्र नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. सुरुवातीला येतात ती बहुतेक नर फुले असतात, त्यांचा देठ सडपातळ असतो, आणि मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे फळ आधीच दिसत असते. परागीभवनासाठी काही नर फुले राखून बाकीची खुशाल तोडावीत, परंतु मादी फूल तोडणे म्हणजे फळच तोडणे होय.

फुले सकाळी कापावीत, या प्रचलित सल्ल्यामागे साधे कारण आहे. रात्री पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रे, बंद असल्याने झाडातील पाण्याची तूट भरून निघते आणि पहाटे पेशी पाण्याने ताठ भरलेल्या असतात. दुपारी देठातील जलवाहिन्यांमधले पाणी वरच्या ओढीमुळे ताणाखाली असते. त्या वेळी देठ कापला की पाण्याचे स्तंभ आत सरकतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हवा शिरते. असा देठ नंतर पाण्यात ठेवला, तरी हवेच्या बुडबुड्यांनी अडलेल्या नलिकांतून पाणी वर चढणे कठीण जाते. यासाठी देठाचे टोक भांड्यातील पाण्यात बुडवून, पाण्याखालीच धारदार चाकूने दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा कापतात, म्हणजे नव्याने उघडलेल्या नलिकांत हवेऐवजी पाणी शिरते. बोथट कात्रीने देठ चिरडला गेला, तर या खटाटोपाचा उपयोग उरत नाही.

दुसरा अडथळा जिवाणूंचा. कापलेल्या टोकातून शर्करा आणि इतर द्रव्ये पाण्यात झिरपतात, बुडालेली पाने कुजू लागतात आणि दोन-तीन दिवसांत पाण्यातील जिवाणू व त्यांचे चिकट स्राव देठाच्या तोंडाशी थर धरतात. फूल पाण्यात उभे असूनही तहानेने मान टाकते ते यामुळे. फुलदाणीच्या पाण्यात घालावयाच्या मिश्रणांत म्हणूनच तीन घटक एकत्र असतात: पाकळ्यांना अन्न म्हणून लिटरला १० ते २० ग्रॅम साखर, पाणी आम्लधर्मी करण्यासाठी सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस, आणि जिवाणूंना आवर घालणारे, ब्लीचच्या काही थेंबांसारखे एखादे द्रव्य. नुसती साखर घालणे हा अपकारच होय, कारण तिच्यावर फुलाच्या आधी जिवाणू पोसले जातात. तांब्याचे नाणे टाकण्याचा उपायही हौसेने सांगितला जातो. परंतु साध्या पाण्यात नाण्यातून उतरणारे तांबे इतके अल्प असते की त्याच्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा रोज पाणी बदललेले बरे.

यानंतरचा प्रश्न असतो तो शेजाराचा. १९०१ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ दिमित्री नेल्युबोव यांनी प्रयोगशाळेतील वाटाण्याचे अंकुर खुंटून आडवे का वाढतात याचा छडा लावला, तेव्हा दिव्यांच्या गॅसमधील एथिलीन त्याला कारणीभूत असल्याचे दिसले. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी पिकणारी सफरचंदे स्वतःच हा वायू तयार करतात हे सिद्ध केले. एथिलीन हे वनस्पतींचे वायुरूप संप्रेरक असून फळ पिकणे, पाने पिवळी पडणे आणि पाकळ्या कोमेजणे या क्रियांना ते चालना देते. कार्नेशनच्या पाकळ्या त्याच्या अत्यल्प प्रमाणानेही आत मुडपू लागतात. शेवंतीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पिकलेली केळी, सफरचंदे किंवा टोमॅटो यांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवली की फुले लवकर उतरतात ती या वायूमुळे, आणि त्याच टोपलीजवळची पालेभाजीही पिवळी पडते.

टोमॅटो हे काढल्यानंतरही पिकत राहणारे फळ आहे. रंग बदलू लागताच काढलेला टोमॅटो घरात पूर्ण लाल होतो, तर स्ट्रॉबेरी, द्राक्षे किंवा लिंबूवर्गीय फळे काढल्यावर आणखी गोड होत नाहीत. टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नये, ही अनेकांना अतिरेकी वाटणारी शिफारस अगदी योग्य आहे. साधारण १२ अंशांखाली त्याच्या गंधद्रव्यांची निर्मिती मंदावते, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५ अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोंमधील या द्रव्यांशी संबंधित काही जनुके, पुन्हा उबेत आणल्यानंतरही, पूर्ववत कार्यरत झाली नाहीत असे आढळले. वाटाणा आणि मका यांची गोष्ट उलट आहे. त्यांच्यातील साखर काढल्याक्षणापासून पिष्टात बदलू लागते, त्यामुळे त्यांना तातडीने थंडावा हवा असतो.

ताज्या मालाचे असे लाड पुरवूनही बागेतून एकदम आलेला ढीग संपत नाही, आणि तेथून टिकवणीला सुरुवात होते. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर सूक्ष्मजीव वाढत नाहीत. पण भाजीतील विकर (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, म्हणजे एन्झाइम) पूर्णपणे थांबत नाहीत आणि काही महिन्यांत रंग फिका पडतो, वाळल्या गवतासारखा वास येऊ लागतो. यासाठी भाजी आधी उकळत्या पाण्यातून काढतात. फरसबीच्या शेंगा उकळत्या पाण्यात सोडल्यावर भांड्यात नीट पाहत राहावे. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसू लागतात आणि मंद हिरवी शेंग अर्ध्या मिनिटात लख्ख हिरवी होते. नवे हरितद्रव्य अर्थातच तयार झालेले नसते. पेशींच्या मधल्या पोकळ्यांत अडकलेली आणि प्रकाश विखुरणारी हवा निघून गेल्याने आधीचाच रंग स्वच्छ दिसू लागतो. सुमारे तीन मिनिटांनी शेंगा बर्फाच्या पाण्यात टाकल्या की हा रंग टिकतो. उष्णता लांबली तर हरितद्रव्याच्या रेणूमधील मॅग्नेशियम बाहेर पडते आणि शेंग मळकट हिरवी होते. आम्लामुळे हीच क्रिया घडते, म्हणून व्हिनेगरमध्ये घातलेली काकडी कधीच ताज्या काकडीच्या रंगाची राहत नाही. गोठवताना तुकडे एका थरात पसरून लवकर गोठवावेत, कारण गोठणे संथ झाले की बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळल्यावर भाजी गळाठते.

आंबवण्यामध्ये आपण सूक्ष्मजीवांना मारत नाही, त्यांच्यातून हवे ते निवडतो. चिरलेल्या कोबीला वजनाच्या २ ते अडीच टक्के मीठ चोळून, सुटलेल्या रसात तो पूर्ण बुडवून ठेवला की मीठ सोसणारे दुग्धाम्ल जिवाणू वरचढ ठरतात. प्रथम ल्युकोनोस्टॉक गटातील जिवाणू वाढतात. त्यांच्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने बरणीतील हवा बाहेर ढकलली जाते, रस गढूळ होतो आणि झाकण सैल केल्यास फसफसल्याचा आवाज येतो. आम्लता वाढली की ते स्वतःच मागे पडतात आणि अधिक आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस पुढचे काम हाती घेतात. नवख्यांना हा गढूळपणा नासल्याचे लक्षण वाटते, वास्तविक तो काम सुरू असल्याचा पुरावा असतो. रसाच्या वर डोकावणाऱ्या तुकड्यांवर मात्र बुरशी धरते, म्हणून वर स्वच्छ वजन ठेवणे अगत्याचे आहे.

हवाबंद बाटल्यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. फ्रान्समधील निकोला आपेर यांनी अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, उकळत्या पाण्यात तापवण्याची पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली. अन्न का टिकते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, कारण पाश्चर यांचे सूक्ष्मजीवांवरील कार्य अजून अर्धशतक दूर होते. आज आपल्याला कारण ठाऊक आहे आणि धोकाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट सुप्त रूपे, मातीत सर्वत्र असतात, त्यामुळे बागेतील भाजीवरही असतात. उघड्यावर ते निरुपद्रवी राहतात, परंतु प्राणवायू नसलेल्या, कमी आम्लाच्या आणि सामान्य तापमानाच्या बाटलीत ते अंकुरून अत्यंत जहाल विष तयार करतात, जे चवीने किंवा वासाने ओळखू येईलच असे नाही. १०० अंशांवर उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली मिळणारे सुमारे १२१ अंशांचे तापमान लागते. पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) ४.६ किंवा त्याहून कमी असेल, तर मात्र ते वाढू शकत नाहीत. त्यामुळे जॅम, आंबट फळे आणि पुरेशा व्हिनेगरमधील भाज्या उकळत्या पाण्याच्या पद्धतीने सुरक्षित टिकतात. टोमॅटो या सीमेवरच घुटमळतो, आणि जातीनुसार व पक्वतेनुसार ती ओलांडतोही. म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीमागे एक मोठा चमचा बाटलीबंद लिंबूरस घालण्याचा नियम आहे. लसूण किंवा ताजी पाने नुसत्या तेलात बुडवून फडताळात ठेवण्याची पद्धत दिसायला देखणी असली, तरी ती सरळ टाळावी, कारण तेल प्राणवायू रोखते आणि आम्ल अजिबात देत नाही. फरसबी, मका, वाटाणा यांच्यासाठी घरी फ्रीझर हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

जॅममध्ये आम्लाच्या जोडीला साखर काम करते. मिश्रण १०४ ते १०५ अंशांपर्यंत आटले की साखर सुमारे ६५ टक्के होते आणि पाणी तिच्याशी इतके बांधले जाते की जिवाणूंच्या वाट्याला फारसे उरत नाही. गुलाबपाकळ्यांचा अर्क गरम पाण्यात मळका दिसतो आणि लिंबू पिळताच झगझगीत गुलाबी होतो, कारण अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लतेनुसार रूप बदलते. खाण्यासाठी घ्यावयाची फुले कीटकनाशक न फवारलेली आणि खात्रीने ओळखलेली असावीत. कण्हेरीसारखे झाड दिसायला सुंदर असले तरी सर्वांगाने विषारी असते.

वाळवणे ही यांतली सर्वांत जुनी रीत, आणि फुले व भाजी या दोहोंना सारखीच लागू पडणारी. पुदिना, तुळस यांसारख्या सुगंधी वनस्पती फुलोरा येण्याच्या किंचित आधी कापल्यास त्यांच्यात बाष्पनशील तेल भरपूर असते. त्या सावलीत, ४० अंशांखाली वाळवाव्यात, नाहीतर वास हवेत आणि काडी हातात राहते. शोभेची फुले जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगतात, म्हणजे देठ सरळ वाळतात. मिरची, टोमॅटोच्या फोडी किंवा फळांचे काप वरून कुरकुरीत वाटले तरी आत ओलावा सगळीकडे सारखा नसतो. म्हणून ते काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर झाकून ठेवावेत आणि रोज हलवावेत. आतल्या बाजूला बाष्प जमलेले दिसले, तर माल पुन्हा वाळत घालावा. ही परीक्षा उतरल्यावर बरणी कपाटाच्या अंधारात ठेवावी. लाल मिरचीतील कॅरोटिनॉइड असोत किंवा पाकळीतील अँथोसायनिन, उजेड आणि हवा मिळाली की दोन्ही फिकी पडत जातात.