पार्श्वभूमी: वेठबिगाराचा मुक्ती दाखला

दासाला मोकळं करण्याचा विधी नारदस्मृतीत नेमका सांगितला आहे. मालकाने दासाच्या खांद्यावरचा पाण्याने भरलेला घडा घेऊन फोडायचा, अक्षता-फुलं घातलेलं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडायचं, ‘अदास’ असं तीनदा म्हणायचं आणि त्याला पूर्वेकडे तोंड करून जाऊ द्यायचं. हा विधी मालकाच्या मर्जीवर होता. मर्जीबाहेरच्या वाटाही होत्या. गहाण पडलेला दास कर्ज फिटलं की सुटे, दुष्काळात पोटासाठी आलेला गायींची जोडी देऊन सुटे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर वाजवी मोबदला मिळूनही दासाला न सोडणाऱ्याला 12 पण (त्या काळचं नाणं) दंड आहे. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे दासी, येतात, त्या मात्र मुख्यतः खरेदी-विक्रीच्या नोंदींत.

ब्रिटिश संसदेने 1833 मध्ये वसाहतींतली गुलामगिरी संपवली, मालकांना 2 कोटी पौंड भरपाई दिली, पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. इथे आला तो 1843 चा पाचवा कायदा. त्यात इन-मीन चार कलमं. वसुलीसाठी सरकारी अधिकाऱ्याने कोणाला गुलाम म्हणून विकायचं नाही, गुलामावरचा हक्क कोणत्याही कोर्टाने मानायचा नाही, गुलाम होता म्हणून कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही, आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा तो गुलाम म्हणवल्या जाणाऱ्याविरुद्धही गुन्हाच. यात कोणालाही मुक्त केल्याची घोषणा नाही, यादी नाही, कागद नाही. मालकाला भरपाई नाही, सुटणाऱ्यालाही काही नाही. खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती 1860 च्या दंडसंहितेत. तोवर आणि त्यानंतरही कर्जाचा दावा कोर्टात चालतच होता, आणि माणूस बांधून ठेवायला तेवढं पुरत होतं.

कर्जाला हात घातला तो वेठबिगारी निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्याने. तो 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू मानला जातो. कलम 4 प्रमाणे त्या क्षणी देशातला प्रत्येक वेठबिगार मुक्त झाला, कलम 6 ने त्याचं बांधील कर्ज संपलं आणि कलम 9 ने ते वसूल करणं गुन्हा ठरलं. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 15 ने सावकारावर टाकली. म्हणजे कायद्याने दाखल्याची गरजच ठेवली नाही. मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे हा दाखला, आलं ते पुनर्वसनाच्या पैशांबरोबर. पैसे द्यायचे तर कोणाला, हे दाखवणारा कागद हवा. 1978 मध्ये माणशी 4,000 रुपये होते, पुढे 6,250, 10,000 आणि 2000 मध्ये 20,000 झाले.

खरा वाद केंद्राच्या 2016 च्या पुनर्वसन योजनेचा आहे. तिने रक्कम बरीच वाढवली: प्रौढ पुरुषाला 1 लाख, स्त्रिया आणि मुलांना 2 लाख, अपव्यापार (माणसांची तस्करी) किंवा टोकाच्या शोषणातून सुटलेल्यांना 3 लाख. पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडली. बाजू मांडणारे म्हणतात, खोटे लाभार्थी रोखायला दुसरा उपाय नव्हता. ते पटत नाही. कायद्यातला खटला कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे संक्षिप्त पद्धतीने चालवता येतो आणि महत्तम शिक्षा 3 वर्षं व 2,000 रुपये दंड. तरी खटले रेंगाळतात. साक्षीदार म्हणजे तोच मजूर, आणि तो तर केव्हाच आपल्या जिल्ह्यात परतलेला असतो. नंतर खुलासा आला की प्रथमदर्शनी पुरावा असेल तर शिक्षेच्या तपशिलासाठी प्रस्ताव अडवू नये, मात्र अंतिम वाटप न्यायप्रक्रियेनंतरच. तातडीची मदत तेवढी खटल्यापासून सुटी ठेवली. ती आधी 20,000 पर्यंत होती, 2022 पासून 30,000 पर्यंत आहे.

दाखला अडतो तो बहुतेकदा चौकशीतच. अधिकारी ‘कोंडलं होतं का, मारलं का’ एवढंच विचारतो. कायद्याला ते लागत नाही. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली आणि त्यापोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरी, दुसरीकडे काम करायला मनाई, फिरायला मनाई किंवा आपला माल बाजारभावाने विकायला मनाई, यांतलं एक असलं तरी पुरे. डिसेंबर 1983 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची मजुरी दिसली की उचल गृहीत धरायला सांगितलं. तरीही वीटभट्टीवरचं किंवा ऊसतोडीतलं प्रकरण ‘मजुरीचा वाद’ म्हणून कामगार खात्याकडे ढकललं जातं आणि मुकादमाच्या वहीतली उचल मजुरावरची थकबाकी म्हणून नोंदली जाते. जबाब मालकासमोर किंवा मुकादमासमोर घेतले तर ते हमखास फिरतात. नवरा-बायकोचा जबाब एकच लिहिला तर बाईचा दाखला राहून जातो, आणि तिचे 2 लाखही.

दाखला जिथे काम होतं त्या जिल्ह्याने, मजूर गावी निघण्याआधी द्यायचा असतो. एकदा मजूर कामाच्या जिल्ह्यातून रिकाम्या हाताने परतला की मूळ जिल्ह्याला फक्त पत्रव्यवहार करता येतो. तातडीच्या मदतीसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 10 लाखांचा कायम निधी ठेवायची तरतूद त्याच 2016 च्या योजनेत आहे.