जांभळ्या कडेचा हिशेब : अपवर्तक दुर्बिणीतील भिंगरचना

साध्या अपवर्तक दुर्बिणीतून व्याध किंवा शुक्र पाहिला की मधल्या शुभ्र ठिपक्याभोवती जांभळट वलय दिसते, आणि अष्टमीच्या चंद्रावर विवरांच्या काळ्या सावल्यांतही तोच रंग उतरलेला असतो. हा वर्णविपथनाचा दोष होय. काचेचा अपवर्तनांक (ती प्रकाश किती वळवते ते सांगणारा आकडा) प्रत्येक रंगासाठी थोडा निराळा असतो; निळा किरण तांबड्यापेक्षा अधिक वळतो, म्हणून एकाच भिंगाची निळी नाभी (किरण एकवटण्याची जागा) अलीकडे आणि तांबडी नाभी पलीकडे पडते. एखादी काच रंग किती फाकवते हे अ‍ॅबे अंकावरून कळते. हा अंक जितका मोठा तितके अपस्करण, म्हणजे रंगांचे फाकणे, कमी. दुर्बिणीच्या भिंगांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीके-७ या क्राउन काचेचा अ‍ॅबे अंक सुमारे ६४ आहे. अशा काचेच्या १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (भिंगापासून नाभीपर्यंतच्या अंतराच्या) एकाच भिंगात ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्या आणि ४८६ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या नाभींमध्ये जवळजवळ १६ मिलिमीटरचे अंतर पडते. नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) कुठेही ठेवली तरी एक रंग स्पष्ट आणि बाकीचे पसरट, हे त्यात ठरलेलेच.

सतराव्या शतकातील खगोलनिरीक्षकांकडे यावर एकच उपाय होता, तो म्हणजे दुर्बीण लांबवणे. भिंगाचा व्यास तोच ठेवून नाभीय अंतर दुप्पट केले की रंगांच्या नाभींमधले अंतरही दुप्पट होते, पण ज्या मर्यादेत प्रतिमा डोळ्याला स्पष्टच वाटते ती मर्यादा चौपट होते, आणि त्यामुळे एकंदर हिशेब फायद्याचा ठरतो. या हिशेबापायी डान्झिगच्या हेवेलियसने १५० फूट लांबीची दुर्बीण खांबावर टांगली आणि हायगेन्सने तर नळीच काढून टाकून भिंग उंच खांबावर व नेत्रिका हातात अशी व्यवस्था केली. वाऱ्याच्या झुळकीने हलणाऱ्या त्या सांगाड्यातून एखादा ग्रह दृष्टिक्षेत्रात धरून ठेवणे किती जिकिरीचे असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्या मानाने बेताची, १२ फुटी दुर्बीण पुदुच्चेरीत जेझुइट धर्मगुरू रिशो यांच्याजवळ होती. डिसेंबर १६८९ मध्ये धूमकेतू पाहत असताना तिच्यातून त्यांना अल्फा सेंटॉरी, म्हणजे आपला मित्र तारा, जोडतारा असल्याचे आढळले.

लांबीवाचून दुसरा मार्ग नाही, असे मत पक्के होण्यास न्यूटनचा अधिकार कारणीभूत झाला. प्रकाश वळला की तो ठरावीक प्रमाणात फाकणारच, मग काच कोणतीही असो, असा निष्कर्ष त्याने काढला आणि स्वतः आरशाच्या दुर्बिणीकडे वळला. प्रत्यक्षात काचेगणिक हे प्रमाण बदलते. शिसे घातलेली फ्लिंट काच किरणांना क्राउनपेक्षा थोडेसेच जास्त वळवते, पण रंग मात्र जवळजवळ दुपटीने फाकवते. या तफावतीचा उपयोग प्रथम केला तो इंग्लंडमधील चेस्टर मूर हॉल या वकिलाने. मानवी डोळ्यातील निरनिराळे द्रव एकमेकांचा रंगदोष घालवत असावेत, या समजुतीवरून तो जोडभिंगाच्या कल्पनेपर्यंत पोचला. समजूत चुकीची होती, कारण डोळ्यातही चांगलेच वर्णविपथन असते; कल्पना मात्र बरोबर निघाली. सुमारे १७३० मध्ये त्याने गुपित फुटू नये म्हणून क्राउनचे बहिर्गोल भिंग एका कारागिराकडे आणि फ्लिंटचे अंतर्गोल भिंग दुसऱ्याकडे घासायला दिले. योगायोग असा, की त्या दोघांनीही ते काम जॉर्ज बास या एकाच कारागिराकडे सोपवले, आणि दोन्ही भिंगे एकाच गिऱ्हाइकाची असून एकमेकांत नेमकी बसतात हे बासच्या लक्षात आले, असे सांगितले जाते.

हॉलने पुढे या शोधाचे काहीच केले नाही. बासकडून ही हकीकत लंडनचा भिंगकार जॉन डॉलंड याच्या कानावर गेली असे मानतात. एके काळी न्यूटनच्या मताची बाजू घेणाऱ्या डॉलंडने स्वतः प्रयोग करून पाहिले आणि १७५८ मध्ये अवर्णी जोडभिंगाचे पेटंट मिळवले. त्याच्या मृत्यूनंतर मुलगा पीटर याने इतर चष्मेवाल्यांवर दावे लावले. हॉलने अशी भिंगे आधी केली होती हे न्यायालयापुढे आले, तरीही ती कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा लोकांपुढे आणणाऱ्यालाच लाभ मिळावा, असा निकाल लागला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्य असेलही, पण त्यामुळे हॉलचे नाव आजही फार थोड्यांना ठाऊक असते.

जोडभिंगाचे गणित वरकरणी सोपे आहे. एकत्रित नाभीय अंतर १००० मिलिमीटर हवे असेल, आणि बीके-७ बरोबर ३६ अ‍ॅबे अंकाची एफ-२ ही फ्लिंट काच घेतली, तर क्राउनचे बहिर्गोल भिंग सुमारे ४३३ मिलिमीटर आणि फ्लिंटचे अंतर्गोल भिंग सुमारे ७६४ मिलिमीटर नाभीय अंतराचे लागते. म्हणजे रंग जुळवण्यासाठी बहिर्गोल भिंगाची शक्ती गरजेच्या दुपटीहून अधिक ठेवायची आणि वरचा भाग अंतर्गोल भिंगाने परत काढून घ्यायचा. दोन काचांच्या अ‍ॅबे अंकांत जितका फरक कमी, तितका हा उधळेपणा वाढतो आणि भिंगांचे पृष्ठभाग अधिकाधिक फुगीर करावे लागतात.

याच ठिकाणी पुष्कळांचा घोटाळा होतो. फ्राउनहोफर, लिट्रो, श्टाइनहाइल ही जोडभिंगाच्या तीन रचनांची नावे घेऊन कोणत्या रचनेत रंग कमी दिसतो असे विचारले जाते. वस्तुतः या तिन्ही रचनांत काचा त्याच असतील तर रंगाचा हिशेबही जवळजवळ तोच राहतो. एखाद्या भिंगाची शक्ती तीच ठेवून त्याचे दोन पृष्ठभाग कमी-अधिक वाकवता येतात, आणि ही मोकळीक गोलीय विपथन (भिंगाच्या मधले व कडेचे किरण एकाच जागी न जुळणे) व दृष्टिक्षेत्राच्या कडेला ताऱ्यांना शेपट्या फुटण्याचा दोष घालवण्यासाठी वापरली जाते. फ्राउनहोफरच्या रचनेत क्राउन पुढे असते, दोन भिंगांमध्ये हवेची बारीक फट असते आणि समोरासमोरच्या पृष्ठभागांची वक्रता किंचित वेगळी असते; त्यामुळे हे दोन्ही दोष एकदम आटोक्यात येतात. लिट्रोच्या रचनेत क्राउनच्या दोन्ही बाजू व फ्लिंटची आतली बाजू यांची वक्रता एकच असते आणि शेवटचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो. घरी भिंग घासणाऱ्याला ती सोयीची, पण कडेचा दोष तीत थोडा उरतो. श्टाइनहाइलने फ्लिंट पुढे घेतली. तीत वक्रता अधिक तीव्र लागते आणि मऊ काच दवाला व हाताळणीला सामोरी येते.

जर्मन भिंगकार फ्राउनहोफरचे खरे मोठेपण मला या वक्रतेपेक्षा त्याच्या मोजमापात दिसते. त्याच्या आधी तांबडा म्हणजे नेमका कोणता तांबडा हे ठरवण्याची सोयच नव्हती. सूर्याच्या वर्णपटातल्या ज्या काळ्या रेषांचा त्याने १८१४ च्या सुमारास अभ्यास केला, त्याच रेषा खुणा म्हणून वापरून त्याने प्रत्येक काचेचा अपवर्तनांक रंगागणिक मोजला. वितळलेली काच ढवळत राहून ती एकजीव करण्याची युक्ती स्विस कारागीर गिनां याने शोधलेली होती. या दोन गोष्टींच्या बळावर १८२४ मध्ये एस्टोनियातील आजच्या टार्टूच्या वेधशाळेत २४ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली आणि खगोलज्ञ स्ट्रूव्हने तिच्यावर जोडताऱ्यांची आपली प्रसिद्ध यादी तयार केली.

तरीही जांभळी कड गेली नाही. फ्लिंट काच वर्णपटाचे निळे टोक क्राउनच्या मानाने प्रमाणाबाहेर ताणते. त्यामुळे तांबडी आणि निळी नाभी एकत्र आणली तरी मधला पिवळा-हिरवा रंग किंचित अलीकडे जुळतो, आणि जांभळा बराच पलीकडे जातो. या उरलेल्या दोषाला द्वितीयक वर्णपट म्हणतात. नेहमीच्या काचांत तो नाभीय अंतराच्या सुमारे दोनहजाराव्या भागाइतका, म्हणजे १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत अर्धा मिलिमीटर असतो. एक तेजस्वी तारा घेऊन तो प्रत्यक्ष पाहता येतो. नेत्रिका स्पष्ट प्रतिमेपासून थोडी आत सरकवली की ताऱ्याची पिवळसर-हिरवी चकती दिसते आणि तिला तांबूस-जांभळी किनार असते; तीच नेत्रिका बाहेर सरकवली की किनार हिरवट होते आणि तांबूस ठिपका मध्यभागी येतो. चांगल्या अ‍ॅक्रोमॅटची, म्हणजे अवर्णी जोडभिंगाच्या दुर्बिणीची, ही ओळख आहे. आत किनार नुसती निळी किंवा नुसती तांबडी भासली, तर जोडी नीट जुळलेली नाही असे खुशाल समजावे.

हा अर्धा मिलिमीटर खपतो की खुपतो हे नाभीय गुणोत्तरावर, म्हणजे नाभीय अंतर भागिले व्यास यावर ठरते; ते १० असेल तर एफ/१० असे लिहितात. एफ/१० च्या दुर्बिणीत प्रतिमा स्पष्ट राहण्याची मर्यादा मागेपुढे धरून सुमारे ०.२ मिलिमीटर असते, एफ/१५ मध्ये ती ०.५ मिलिमीटर होते, आणि एफ/५ मध्ये जेमतेम ०.०५ मिलिमीटर उरते. म्हणून ६० मिलिमीटर व्यासाची, ९०० मिलिमीटर लांबीची जुनी शिडशिडीत दुर्बीण रंगाच्या बाबतीत जवळजवळ निर्दोष असते, तर १०० मिलिमीटर व्यासाची एफ/५ दुर्बीण आकाशगंगेच्या पट्ट्यात सुखाने फिरवावी आणि ग्रहांकडे मात्र तिने पाहू नये हे बरे. व्यास इंचांत घेऊन त्याला ३ ने गुणावे आणि नाभीय गुणोत्तर निदान तेवढे असावे, असा एक जुना ठोकताळा आहे. ४ इंचांसाठी तो एफ/१२ सांगतो. कडक परीक्षक ३ ऐवजी ५ ने गुणतात. अमेरिकेतील यर्कीस वेधशाळेची १८९७ ची ४० इंची दुर्बीण, खगोलसंशोधनासाठी वापरात आलेल्या अपवर्तक दुर्बिणींतली सर्वांत मोठी, एफ/१९ ची आहे; पण याच हिशेबाने तिचा द्वितीयक वर्णपट जवळजवळ १ सेंटिमीटर भरतो आणि मर्यादा १ मिलिमीटरचीही नसते. छायाचित्रे घेताना खगोलज्ञ रिची याने तेथे पिवळा फिल्टर लावून नको ते रंग अडवण्याचा मार्ग पत्करला.

काचाच बदलल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हते, आणि ते काम जर्मनीतील येनामध्ये प्रकाशशास्त्रज्ञ अ‍ॅबे व काचतज्ज्ञ शॉट यांनी केले. १८८६ मध्ये अ‍ॅबेने फ्लुओराइट हा नैसर्गिक स्फटिक वापरून तीन रंग एकत्र आणणारी सूक्ष्मदर्शकाची भिंगे तयार केली. फ्लुओराइटचा अ‍ॅबे अंक ९५ आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे वर्णपट फाकवण्याचे प्रमाण योग्य जोडीदार काचेशी टोकापर्यंत जुळते. दुर्बिणीला लागतील एवढे मोठे निर्मळ स्फटिक तेव्हा मिळत नसत. यॉर्कच्या कुक कंपनीतील डेनिस टेलर याने १८९२ मध्ये येनाच्या नव्या काचा घेऊन तीन भिंगांची ‘फोटोव्हिज्युअल’ रचना केली, जी डोळ्याला आणि छायाचित्राच्या काचेला सारखीच चालत असे. या काचांपैकी काही हवेत डागाळत. पण डागाळलेल्या भिंगातून प्रकाश अधिक जातो हे टेलरनेच हेरले, आणि आज प्रत्येक भिंगावर असणाऱ्या परावर्तनरोधी लेपाची कल्पना तिथून सुरू झाली. अशा रचनेचे ३० सेंटिमीटरचे भिंग कोडईकॅनॉलच्या सौर वेधशाळेत आहे. सूर्याची चित्रे तेथे कॅल्शियमच्या ३९३ नॅनोमीटरच्या जांभळ्या रेषेत आणि हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेत, म्हणजे दृश्य वर्णपटाच्या दोन टोकांना, विसाव्या शतकाच्या आरंभापासून घेतली जात आली आहेत. साध्या जोडभिंगाला हे दोन्ही एकदम साधणे अवघड गेले असते.

आज बाजारात ‘ईडी’ (कमी अपस्करणाची काच) आणि ‘अ‍ॅपो’ (तीन रंग एकत्र आणणारे भिंग) ही अक्षरे मुबलक दिसतात, आणि त्यांच्यावर कोणाचे नियंत्रण नाही. एफपीएल-५१ या व्यापारी नावाच्या काचेचा अ‍ॅबे अंक सुमारे ८१ व एफपीएल-५३ चा सुमारे ९५, दोन्ही ईडीच. पण जांभळ्या रंगावरचा त्यांचा ताबा सारखा नाही. त्यातही जोडीदार काच कोणती हे बहुतेक जाहिरातींत सांगितलेलेच नसते, आणि खरा प्रश्न तोच असतो. एफपीएल-५३ आणि साजेशी लॅन्थेनमयुक्त काच यांचे एफ/८ चे जोडभिंग अनेक लहान नाभीय गुणोत्तराच्या तिहेरी भिंगांना ग्रहनिरीक्षणात सहज गाठते. तिहेरी भिंगाचा लाभ एफ/६ च्या आसपास, विशेषतः छायाचित्रणात होतो, कारण वक्रता तीन भिंगांत वाटली जाते आणि निळ्या रंगातले गोलीय विपथनही आटोक्यात राहते. त्याची किंमत वजनात, जुळणीच्या नाजूकपणात आणि मधले भिंग थंड व्हायला लागणाऱ्या वेळात मोजावी लागते. पेत्झव्हाल प्रकारात पुढे एक आणि मागे एक अशा दोन जोड्या असतात. कॅमेऱ्याच्या सपाट संवेदकासाठी ती रचना उत्तम, डोळ्याने पाहणाऱ्याला तिच्यावर इतका खर्च करण्याचे कारण नाही.

ज्यांच्याजवळ साधी अ‍ॅक्रोमॅट आहे त्यांनी नळीच्या पुढच्या झाकणाकडे एकदा नीट पाहावे. बऱ्याच झाकणांत एक लहान गोल टोपी स्वतंत्रपणे निघते. ती चंद्र किंवा शुक्र पाहताना व्यास कमी करण्यासाठी असते. १०० मिलिमीटरची एफ/५ दुर्बीण अशा रीतीने ५० मिलिमीटरची एफ/१० झाली की रंग लक्षणीय घटतो, अर्थात बारकावेही घटतात. फिकट पिवळा ८ क्रमांकाचा फिल्टर जांभळा रंग कापतो आणि दृश्याला पिवळसर छटा देतो.

शेवटी, दिसणारा प्रत्येक रंग वस्तुभिंगाच्या (दुर्बिणीच्या पुढच्या मुख्य भिंगाच्या) माथी मारण्याआधी तो कसा पसरला आहे ते पाहावे. वस्तुभिंगाचे वलय चोहोबाजूंनी सारखे असते. रंग फक्त दृष्टिक्षेत्राच्या कडेला दिसत असेल तर दोष बहुधा नेत्रिकेचा असतो. आणि क्षितिजालगतच्या शुक्राची वरची कड निळी व खालची तांबडी दिसत असेल (उलट प्रतिमेत याच्या उलट), तर ते पृथ्वीच्या वातावरणाने केलेले अपस्करण आहे. ते महागड्या फ्लुओराइट भिंगातूनही तसेच दिसते. त्याला एकतर तारा वर येईपर्यंत थांबावे लागते, किंवा नेत्रिकेआधी दोन पातळ लोलकांची फिरती जोडी बसवावी लागते.