लेलँड: गावाचं नाव ट्रकवर कसं आलं?

घाटात पुढे धापा टाकत चढणाऱ्या ट्रकवर 'अशोक लेलँड' हे नाव आपण शेकडो वेळा वाचलेलं असतं. यातलं लेलँड हे इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातलं एक गाव. तिथल्या लोहार घराण्यातल्या जेम्स समनरला वाफेच्या इंजिनांचं वेड होतं. त्याने गवत कापायचं यंत्रसुद्धा वाफेवर चालवून दाखवलं! 1896 मध्ये त्याने स्पुरियर कुटुंबाच्या साथीने 'लँकेशायर स्टीम मोटर कंपनी' काढली. पहिली गाडी दीड टन माल वाहणारी होती, अर्थातच वाफेची.

वर्ष नेमकं 1896 का? तोवर ब्रिटनमध्ये यांत्रिक गाडीला ताशी 4 मैलांच्या वर जाता येत नसे, शिवाय पुढे एक माणूस चालवावा लागे. त्या वर्षी कायद्याने ही कटकट संपवली, पण सवलत दिली ती रिकामं वजन 3 टनांच्या आत असलेल्या गाड्यांनाच. बॉयलर, पाणी, कोळसा हे सगळं वाहायचं आणि वजनही आवरायचं! समनरने कोळशाऐवजी तेलाची आच वापरली. कोळसा लोटायला वेगळा माणूस नको आणि वजनातही बचत.

वाफेची खरी गंमत गाडी सुटताना कळते. चाक जागचं हललेलं नसतानाही वाफ दट्ट्यावर पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोल इंजिनाचं तसं नाही. ते आधी फिरत असेल तरच हवा ओढणार, दाबणार, ठिणगी पेटवणार; थांबलेल्या इंजिनात जोर शून्य. म्हणून फिरतं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ घालायला क्लच हवाच, आणि चढावर जोर वाढवायला गिअर. वाफेच्या गाडीतही गिअर असत, पण सारी मदार त्यांच्यावर नसे.

तरीही बॉयलर तापेपर्यंत वाट कोण बघणार? 1904 मध्ये कंपनीने पेट्रोलची पहिली गाडी बनवली. ती इतकी हट्टी निघाली, की तिचं नाव पडलं 'डुक्कर'. 1907 मध्ये कंपनी 'लेलँड मोटर्स' झाली आणि पहिल्या महायुद्धात तिने सैन्याला सुमारे 6,000 गाड्या पुरवल्या.

1955 मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सने हे गावाचं नाव आपल्या नावाला जोडलं. वाफेला ज्याची एवढी गरज नव्हती, तो गिअरबॉक्स या कंपनीसाठी आज आपल्या भंडाऱ्यातही बनतो.